हद्दीच्या दगडावर बसलेली भिमाबाई

त्या साली दिवाळी झाली, टोळ्या ऊसतोडीला गेल्या आणि गावात एक कुजबुज मागं राहिली: नाथाची भिमाबाई बंकटसाठी थांबली.

बोलणाऱ्यांना निमित्तही होतं. पाटोद्याच्या त्या अंगाला दिवाळीनंतर गावात उरतात ती म्हातारी माणसं, कुत्री आणि ज्यांच्या विहिरीला पाणी आहे ते. भिमाबाई यातल्या कशातच मोडत नव्हती. बरं, थांबली तर घरात बसावं! पण ही बाई सकाळीच फडक्यात भाकरी बांधून शेतात जायची आणि बंकटच्या रानाला लागून असलेल्या दगडावर दिवस मावळेपर्यंत बसून राहायची. पलीकडं बंकट नवी विहीर खोदत होता. त्याच्याकडून रोज तिला चहा यायचा.

"साखर बी जास्त असती म्हणं त्यात," सुंदरबाई गिरणीवर दळणाच्या रांगेत म्हणाली. साखरेचं तिला कसं कळलं, हे कुणी विचारलं नाही. असल्या गोष्टीत विचारू नये, चव जाते.

भिमाबाईचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. पाणाड्यानं तिच्या रानात बाभळीच्या बुडाशी पाणी दाखवलं होतं. सरकारी विहिरीसाठी अर्ज केला, तर उत्तर आलं: आधी हद्द मोजून आणा. मोजणीची तारीख दोनदा लागली आणि दोन्ही वेळा हे घर कारखान्यावर. मोजणीवाला आला, कुलूप बघून गेला. मागल्या साली उसावरून परतले तर बांध नांगरून सपाट, बाभूळ गायब. नाथा भांडायला धावला.

"बाभळ वाळली व्हती रं," बंकट शांतपणे म्हणाला. "हद्दीचा दगड हाय का न्हाई? मग?"

दगड होता. वरची फुलीही होती. भिमाबाईचा सासरा म्हणायचा, बांध माणूस खातो, दगड कुणाला पचत नाही. चार गड्यांना न हलणारा तो धोंडा बघून नवरा-बायको माघारी फिरले.

पण यंदा तिसरी तारीख लागणार होती आणि तोवर दगडही जाईल, या धास्तीनं भिमाबाई मागं राहिली. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे दोघांची जोडी. एकट्या गड्याला मुकादम उभं करत नाही. म्हणून तिच्या जागी लेक अंजू गेली, दहावीची शाळा सोडून. जाताना पोरीनं दप्तर खुंटीला टांगलं आणि म्हणाली, "आई, याला हात लावू नको. पुढल्या साली इथूनच काढीन."

भिमाबाई दगडावर बसून समोरची विहीर खोल जाताना बघत राहिली. विहिरीला पाणी लागलं तेव्हा ती म्हणाली, "नशीब लागतं, भाऊजी."

"तुमी राखणीला बसल्या म्हणून माझी बी हद्द सलामत, वहिनी," बंकट हसून म्हणाला. विहिरीच्या नोंदीला शेजारच्या खातेदाराची सही लागते, म्हणून त्यानं कागद पुढं केला. त्यावर लिहिलं होतं: विहीर बंकटच्या हद्दीत, दगड जागेवर. सातबाऱ्यावर तिचंही नाव होतं. दगड लेखी पक्का होतोय, या आनंदात तिनं सही केली.

शेवटी मोजणीवाला आला. यंत्र घेऊन रानभर फिरला, नकाशा पाहिला, दगड ओलांडून पुढं गेला आणि विहिरीच्याही पलीकडं जाऊन त्यानं खूण ठोकली.

"बाई, तुमची हद्द इथं."

"आन् हा दगड?"

"हा इथला नाही. कुणीतरी मशीन लावून सरकवलाय."

भिमाबाईनं विहिरीत डोकावून पाहिलं. बाभळीचं बूड कुठं होतं, ते तिला आत्ता कळलं.

"मग विहीर माझी," ती म्हणाली.

"वहिनी, हिवाळाभर गावाला तुमीच सांगत व्हत्या, दगड सासऱ्याच्या वक्ताचा हाय म्हणून," बंकट म्हणाला. त्यानं कागद काढला. "सही तुमचीच न्हवं?"

मोजणीवाल्यानं कागद वाचला आणि चष्मा पुसला. "मी खूण दाखवून देतो, बाई. ताबा द्यायचा अधिकार मला नाही. त्यासाठी दिवाणी कोर्टात दावा लावा. तिथं हा कागद तुमच्या आडवा येईल."

"किती दिवस लागत्याल?"

त्यानं नकाशाची घडी घातली. यंत्र पेटीत भरलं.

संध्याकाळी उसाच्या फडातून अंजूचा फोन आला. "आई, झाली का मोजणी?"

"झाली."

"मग यिऊ का मी?"

भिमाबाई खुंटीवरच्या दप्तराकडं बघत राहिली. पलीकडं पोरगी हॅलो, हॅलो करत होती.

भिमाबाई बंकटसाठी थांबली नव्हती. ती दगड राखायला थांबली होती. दगड बंकटनं सरकवलेला होता, आणि ती त्यावरून उठू नये म्हणून तो चहा पाठवत होता.