न उतरणारा रंग

खामगावच्या बाजारातल्या त्या रंगाऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गरम लाल रंगात तो उघडे हात कोपरापर्यंत घालायचा आणि ओलं लुगडं झटकून बायकांना सांगायचा, "माह्या हातचा रंग उतरत नाही."

एकदा मला म्हणाला, "भाऊ, लघवी लाल होऊन राह्यली. रंग पोटात गेला असन. आता अंगच झगडून त्याले बाहेर काढून राह्यलं."

"डॉक्टरला दाखवा."

"काऊन? निंगू द्या ना सारा."

रक्ताला रंग समजून त्यानं वर्ष काढलं. तोवर लघवीच्या पिशवीतला कॅन्सर पसरला होता. अंग झगडतंय हे त्याचं खरंच होतं. बिचारं एकटंच झगडत होतं.

तो गेला तेव्हा अंघोळ घालणाऱ्यांनी त्याचे हात घासघासून धुतले. रंग उतरला नाही.