आंब्याच्या मुळाशी मीठ

खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, आमच्या मिठागराच्या बांधाशी गोड्या मातीचा एक तुकडा होता. त्यावर एकच आंबा, आणि त्याच्या बुंध्याशी मुंगळ्यांचं वारूळ. आजूबाजूला सगळं खाडीच्या वाऱ्यानं खुरटलेलं, हा मात्र माजलेला. बाबा म्हणायचे, "मुंगळे जेवू घालतात त्याला. मेलेले किडे, माशांची खवलं, सगळं मुळाशी नेतात. त्यांचं खरकटं तेच त्याचं खत." मला हसू यायचं. मुंगळ्यांच्या घरचा जावई म्हणायचे मी त्या झाडाला.

लढाईच्या दिवसांत धाकटा भाऊ झाला. आई कामाला उतरली की त्याची झोळी आंब्याच्या खालच्या फांदीला बांधायची. एकदा तो रडून रडून निळा पडला. आम्ही बघतो तर दोरीवरून मुंगळ्यांची रांग उतरलेली, मानेवर चाव्यांच्या गांधी. आईचं डोकंच फिरलं. "हे वारूळ ऱ्हायलं तर मी ऱ्हायची न्हाय," ती म्हणाली.

रॉकेल तेव्हा दिव्यालाही मिळत नव्हतं, वारुळात कुठलं ओतणार? मिठाला मात्र आम्हाला काय तोटा! माडाच्या मुळाशी आम्ही दरवर्षी मीठ घालायचो, माड उलट तरारायचा. मग आंब्याला काय होतंय, असं आईचं म्हणणं.  पाट्या भरून मीठ बाबांनीच वारुळावर ओतलं. पोरापुढं झाड कोण बघतो?

मुंगळे गेले ते फिरून आले नाहीत. आई निर्धास्त झाली. मला मात्र त्या बुंध्याशी बसायची भीती वाटायला लागली. माती पांढरट, कायम ओलसर, साधा किडा नाही. पुढं पानांच्या कडा करपल्या. मोहोर आलाच नाही. बाबा येता-जाता वर बघायचे. एकदा म्हणाले, "झोळी दुसरीकडं बांध." आई म्हणाली, "दुसरी सावली हाय कुठं?" तेही खरंच होतं.

चैत्रातल्या दुपारी, वारा नाही की काही नाही, ती फांदी कडाडली आणि झोळीसकट खाली आली. आई हातातलं टाकून मिठातून धावत आली. भाऊ झोळीतच होता. अंगावर एक मुंगळा नव्हता. झोळीतूनच त्याला पुरायला नेलं.

गाव म्हणालं, नशीब. कसलं नशीब? माझा अजून संताप होतो. आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. मिठागरवाल्याची बायको, पण शेवटपर्यंत अळणी जेवली.