ढाळावरची भिंगरी

भिंगरीचं करिअर आमच्या डोक्यावर सुरू झालं. हे मी अलंकारिक बोलत नाही. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो आणि आमच्यावर गच्ची. दुपारी जेवून जरा कुठे डोळा लागतोय, की छतावर घर्र... खट्. पुन्हा घर्र... खट्. आमच्या ह्यांनी आधी पाण्याच्या टाकीवर संशय घेतला, मग माझ्या कानांवर. शेवटी मीच जिना चढले. बघते तर खालच्या मजल्यावरच्या फरशीवाल्यांची मुलगी चार चाकांच्या फळीवर एका पायावर उभी राहून स्वतःभोवती गरागरा फिरत होती. थांबली आणि उलट माझ्यावरच डाफरली, की काकू, तुम्ही दार वाजवलंत आणि माझी गिरकी मोडली.

त्या दिवशी मी तिचं नाव भिंगरी ठेवलं. ते इतकं चिकटलं, की आता तिच्या आईलाही खरं नाव आठवून हाक मारावी लागते.

फळी म्हणजे स्केटबोर्ड. कुणी भाडेकरू जाताना टाकून गेला होता. भिंगरीची आई पडदे शिवते. कापडाचे जड तागे त्या फळीवर लादून ती ह्या खोलीतून त्या खोलीत ढकलायची. त्यामुळे घरातलं पहिलं भांडण मुलगी वाया चालली म्हणून झालंच नाही. ताग्यांची गाडी कुठे गेली, म्हणून झालं.

गावात स्केटबोर्डवाली पोरं होतीच. मैदानाच्या पायऱ्यांवरून उड्या मारायची, उतारावरून सुटायची, गुडघे फोडून घ्यायची आणि ते गुडघे आल्यागेल्याला दाखवायची. भिंगरीला त्यातलं काही नको होतं. तिनं आईच्या फोनवर कुठली तरी जुनी चित्रफीत बघितली होती. सपाट जमीन, वाजणारं गाणं आणि त्या तालावर बोर्डाशी चाललेला खेळ: बोर्ड उभा करून त्याच्या टोकावर उभं राहायचं, पायानं पलटवून परत त्यावरच उतरायचं, दोन चाकांवर गिरक्या घ्यायच्या. ह्याला फ्रीस्टाइल म्हणतात, हे तिनंच आम्हाला सांगितलं. आमच्याकडे हे करणारं तोवर कुणी नव्हतं. पोरं म्हणाली, हा तर नाच आहे. भिंगरी म्हणाली, "हो, नाचच आहे. करून दाखव."

कुणी दाखवला नाही.

शाळा संपली आणि मामा उगवला. हा मामा म्हणजे दुसऱ्यांच्या पोरांना मार्गी लावण्यात हयात घालवलेला माणूस. त्यानं कुरियर कंपनीच्या काउंटरवर भिंगरीची जागा जवळजवळ पक्की केली होती. तिनं सांगितलं, आधी स्पर्धा. त्याच वर्षी शहरात दोन स्पर्धा होत्या. फ्रीस्टाइलचा वेगळा गट नव्हता, पण कुणीही काहीही करून दाखवावं, अशी सोय होती.

पहिल्या स्पर्धेला आम्ही बिल्डिंगमधली निम्मी माणसं गेलो. गाणं सुरू झालं. भिंगरीनं पहिली गिरकी घेतली आणि एका बाजूला सरकत गेली. दुसरी घेतली, आणखी सरकली. तिसरीला ती थेट परीक्षकांच्या टेबलाखाली. एकाचा चहा दुसऱ्याच्या मांडीवर सांडला. हॉलभर हशा पिकला. मीही हसले, हसू येण्यासारखंच होतं. पण भिंगरी बाहेर आली, बोर्ड उचलला आणि एवढंच म्हणाली, "गच्चीवर असं कधीच झालं नव्हतं."

मग ज्याला त्याला कारण सापडलं. आई म्हणाली, घाबरली. मी म्हटलं, बूट. मामानं कारण शोधलंच नाही. काउंटरवरच्या साहेबाला फोन लावला.

राहिले फरशीवाले. हा मूळचाच मितभाषी माणूस, दिवसभर ओणवं राहून फरशा बसवणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गच्चीवर गेले आणि मुलीला वर बोलावलं. मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं तिथे होते. कपडे आदल्या दिवशीच वाळले होते, ते असो. त्यांनी खिशातून गोटी काढली, गच्चीच्या मध्यावर ठेवली आणि सोडली. गोटी हळूहळू निघाली आणि कोपऱ्यातल्या पाणी जायच्या भोकात जाऊन पडली.

"हा ढाळ मीच दिलाय," फरशीवाले म्हणाले. "पाण्याचा थेंब थांबत नाही इथे. तू इतके दिवस ह्या ढाळाला तोलून उभी राहायला शिकलीस. तिथली जमीन सपाट होती, म्हणून सरकत गेलीस."

भिंगरीनं त्या भोकात वाकून बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही जरा वाईट काम केलं असतं तर?"

"तर काकूंच्या घरात पाणी गळलं असतं."

मला मध्ये ओढायचं काही कारण नव्हतं.

मामाला तिनं स्वतः जाऊन सांगितलं. दुसऱ्या स्पर्धेत पहिल्या तिघांत आले नाही, तर दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसेन, पुन्हा बोर्डाचं नाव काढणार नाही. मामा व्यवहारी. म्हणाला, तोपर्यंत साहेबाला थोपवतो, पण नंतर रडायचं नाही. भिंगरीनं मान हलवली. तिचा हात मात्र बोर्डावरून निघाला नव्हता.

आता सपाट जागा आणायची कुठून? रस्ता खडबडीत, अंगणाला ढाळ, आणि घरात पाऊल टाकावं तिथे पडद्यांचे तागे. शेवटी ती बापाच्या मागे कामावर जायला लागली. फरशी बसवून घट्ट झाली, की घरमालकाचं सामान यायच्या आधी ते रिकामे हॉल तिचे. बापाची अट एकच: चाकं पुसल्याशिवाय फरशीवर यायचं नाही. आईनं शिवणातली उरलेली कापडं दिली. गाडी गेल्याचं दुःख तिनं तोवर पचवलं होतं.

आणि तिथे एक गंमत झाली. फरशीखाली सिमेंटचा माल नीट भरला नसेल तर ती पोकळ राहते. फरशीवाले एकेक फरशी ठोकून ते शोधतात. भिंगरी वरून गेली, की पोकळ फरशीवर चाकांचा आवाज बदलायचा. ती गिरकी न थांबवता ओरडायची, "बाबा, खिडकीजवळची." फरशीवाले जाऊन ठोकायचे. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मग कामावर मुलगी कशाला आणता, असं विचारायची कुणाची टाप राहिली नाही.

सपाट जमिनीवर तिला सगळं पुन्हा शिकावं लागलं. शरीर जुन्या सवयीनं कलायचं आणि ती आपटायची. घरी येताना कोपर सुजलेलं, तरी जिन्यात भेटली की माझ्या दुपारच्या झोपेची चौकशी करायची. मी सांगायचे, तू नाहीस तर झोपच येत नाही. हे बरंचसं खरं होतं.

दुसरी स्पर्धा एका जुन्या हॉलमध्ये होती. लाकडी जमीन, बऱ्याच पावलांनी झिजलेली. मामा माझ्या शेजारी बसला होता, फोन हातात तयार. भिंगरी मध्ये आली, बोर्ड जमिनीवर ठेवला आणि हात काढला. बोर्ड आपणहून डावीकडे निघाला, अगदी सावकाश. फरशीवाले खुर्चीतून अर्धे उठले. "त्या बाजूला बसलीय जमीन," ते पुटपुटले. "ढाळ आहे."

तिनं बोर्ड पायानं अडवला, वर बापाकडे बघितलं आणि गाणं लावणाऱ्याला थांबायची खूण केली. तिथे उभ्या उभ्याच तिनं बसवलेला सगळा क्रम फिरवला. बोर्ड पलटवणं, टोकावर उभं राहणं, पायांची कसरत, हे सगळं उजवीकडच्या सपाट भागात. आणि गिरक्या डावीकडे ढाळावर, आमच्या गच्चीवर घ्यायची तशा. ती फिरत राहिली, फिरत राहिली, आणि जागेवरून हलली नाही. परीक्षकांनी आधीच चहाचे कप हातात उचलून धरले होते. ते तसेच हातात राहिले.

ती पहिली आली असं लिहायला मला आवडलं असतं. तिसरी आली. मामानं फोन लावला आणि साहेबाला म्हणाला, ती मुलगी काही यायची नाही, दुसरी बघा. आणि लगेच विचारलं, ह्यात शिकवण्याचे वगैरे पैसे मिळतात का.

मिळतात. पुढच्या वर्षी फ्रीस्टाइलचा वेगळा गट निघाला, आणि आता ती गावोगावी खेळ करते, पोरापोरींना शिकवते. खेळाआधी अजूनही बोर्ड ठेवून हात काढते आणि तो कुठे जातो ते बघते. तिची शिष्यमंडळीही तसंच करतात, बोर्ड ठेवून गंभीर चेहऱ्यानं त्याच्याकडे बघत उभी राहतात. कशासाठी बघायचं, हे निम्म्यांना माहीत नाही. मी एकीला विचारलं, तर म्हणाली, ताईंनी सांगितलंय, आधी जमिनीचं ऐकून घ्यायचं.

रविवारी त्यांचा वर्ग आमच्या गच्चीवर भरतो. आमचे हे आता दुपारी झोपायला बहिणीकडे जातात.