शैलाच्या इंजिनाची दुरुस्ती

तुम्ही आधी चहा संपवा. हे ऐकल्यावर माझ्याशी बोलावंसं वाटेल की नाही, सांगता येत नाही.

माझी बायको, शैला, गेल्या आषाढात गेली. तिला नाद होता खेळातल्या रेल्वेचा. 'खेळातल्या' म्हटलेलं तिला खपायचं नाही, 'मॉडेल' म्हणायचं! अंबरनाथच्या एका कारखान्यात तिने जन्मभर सोल्डरिंग केलं आणि घरी येऊन पुन्हा तेच. बायका पाटल्या-बांगड्या जमवतात, हिने इंजिनं जमवली. मी मराठीचा मास्तर. विजेतलं मला बटण तेवढं कळतं.

तर परवा बदलापूरच्या पाटकरांचा फोन आला. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत रूळ, बोगदे, स्टेशनं असा मोठा पसारा मांडलेला आहे. महिन्यातून एकदा चार नादिष्ट जमतात. शैलाही जायची.

"म्हात्रे सर, या रविवारी वहिनींच्या हिरव्या इंजिनाने सुरुवात करू. तुम्हीच घेऊन या. माझ्याकडे आता सगळं डिजिटल आहे बरं का!"

"हो हो, उत्तम," मी म्हणालो. काय कळलं होतं मला? काही नाही!

हिरवं इंजिन तिचं सगळ्यात लाडकं. आजारपणातही उशाशी असायचं. तिच्या माणसांसमोर ते एकदा धावावं, एवढीच माझी इच्छा. जास्त मागत होतो का?

शनिवारी घरच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर लावून पाहिलं. ढिम्म हलेना! रूळ पुसले, तारा दाबल्या, शेवटी हातही जोडले. मग ठरवलं, वर्षभर पडून बिघडलंय. आणि उल्हासनगर कॅम्प चार कशासाठी आहे? तिथे लछुभाई बसतात. मिक्सर, पंखे, शिलाई मशीन, कसलीही मोटर असो, लछुभाई बोलती करतात.

त्यांनी झाकण उघडलं, भिंग लावलं आणि थांबले.

"साईं, ये अंदर किसने डाला?"

आत एक नखाएवढी पट्टी होती, निळ्या वेष्टनातली. तिला रंगीत तारा.

"क्या है ये?" मी विचारलं.

"पता नहीं. पर करंट मोटर को सीधा नहीं जाता, पहले इसमें जाता है. यही रोक के बैठा है." मग जरा घुटमळले. "पर काम बहुत सफाई का है, साईं. किसीने मेहनत की है. काटूँ?"

बघा, त्या माणसाने विचारलं होतं. मिक्सर-पंखे दुरुस्त करणाऱ्या परक्या माणसाला शंका आली, आणि मी, नवरा, काय म्हणालो?

"काटो! बिनधास्त काटो!"

कट. कट. तारा थेट मोटरला जोडल्या. चार्जर लावला आणि इंजिन टेबलावरून असं सुटलं, की चहाचा ग्लास पाडूनच थांबलं! शेजारचे दोन दुकानदार बघायला आले. माझी छाती फुगली.

"ये नीला वाला रखूँ?"

"फेंक दो!"

रविवारी बदलापूरला पोचलो. मी तर भाषणच ठोकलं. म्हटलं, मी स्वतः लक्ष घालून आतली साफसफाई करून घेतली आहे. सगळे गहिवरले.

पाटकरांनी इंजिन आधी रुळाच्या एका सुट्या तुकड्यावर ठेवलं. तिथे मशीन इंजिनाचा नंबर वाचतं म्हणे. मशीनने उत्तर दिलं, काही सापडत नाही.

"माझं मशीनच गंडलंय," पाटकर म्हणाले. "वहिनींच्या कामात चूक नसते."

मशीन बंद केलं, चालू केलं. वायर बदलली. रूळ घासले. एक जण शेजाऱ्याकडून दुसरा प्लग घेऊन आला. तासभर चार शहाणी माणसं मशीनला, विजेला आणि बदलापूरच्या दमट हवेला दोष देत होती. शैलावर कोणी शंका घेईना. मीही गंभीरपणे मान हलवत होतो. माझ्यावरही कोणी घेईना, कारण मला एवढं जमेल असं कोणाला वाटतच नव्हतं!

शेवटी पाटकरांनी झाकण काढलं. आत पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"सर, हे सोल्डरिंग वहिनींचं नाही."

"नाही, ते लछुभाईंचं. का?"

"आतला डिकोडर कुठे आहे? निळ्या वेष्टनातली चिप?"

"ती होय? ती मीच काढायला लावली," मी म्हणालो.

पाटकरांनी मला समजावून सांगितलं, मी ज्या मुलांना नापास करतो त्यांना समजावतात तसं. जुन्या पद्धतीत रुळातली वीज थेट मोटरला जाते. डिजिटलमध्ये ती आधी चिपकडे जाते, आणि चिप हुकूम ऐकून मोटर चालवते. जुन्या इंजिनात मुळात चिप नसते, ती बसवायला पूर्ण मोटर वेगळी काढावी लागते. शैलाने आजारपणात, पडल्या पडल्या, तीन महिने खपून ते केलं होतं.

"मला फोनवर सांगितलं होतं त्यांनी. जुन्या ट्रान्सफॉर्मरवर ते हलूच नये, असंही सेट केलं होतं. चुकून कोणी लावलं तर जळायला नको म्हणून."

चुकून कोणी! घरात आम्ही दोघंच होतो हो!

मी लछुभाईंना फोन लावला. "वो नीला वाला... है क्या?"

"आपने ही बोला फेंको! भंगारवाला सुबह बोरी ले गया, साईं."

तिच्या हाताचं ते शेवटचं काम होतं, आणि मी ते स्वतः जाऊन, हौसेने कापून आणलं होतं.

पाटकरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या, सर. मोटर शाबूत आहे. नवीन चिप मिळते. मोटर वहिनींनी वेगळी केलेलीच आहे, आता बसवणं अवघड नाही. तुम्ही सोडून कोणीही बसवेल."

बाकीचे दचकले. पाटकरांनी जीभ चावली.

मी मात्र मान हलवली. 'तुम्ही सोडून कोणीही' हे मी घरात शैलाकडून रोज ऐकायचो. वर्षभर कोणी म्हणालं नव्हतं.