बापूसाहेबांचे मोरे

मोरे आडनावाचा माणूस सांगलीत बापूसाहेब मोऱ्यांच्या दारात आला, की पाण्याआधी त्याला प्रश्न मिळे, "देवक कुठलं?" उत्तर मनासारखं आलं तरच चहा. नाहीतर, "आडनाव काय, कुणीबी लावतंय," म्हणून ते पेपर उघडत.

साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मोरे घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला. इतिहासाशी त्यांचा संबंध फेट्यापुरताच. जुन्या कागदात सापडलेला मोरे शूर निघाला तर आपला, फितूर निघाला तर "त्यो दुसरा मोरे." मी निवृत्त मराठी शिक्षक. त्यांची मुद्रितं तपासत असे. शुद्धलेखन तेवढं पाहायचं, असा त्यांचा हुकूम होता आणि मी तो निमूट पाळला.

उंब्रजचे शिपाई गणपत मोरे सरहद्दीवर लढताना पडले होते. बापूसाहेबांनी त्यांना आपले चुलत चुलते करून वंशावळीत बसवलं. मेलेल्या शूराला देवक विचारायची त्यांना गरज वाटली नाही. गणपतराव बौद्ध कुटुंबातले, हे मला ठाऊक होतं. त्यांची मुलगी शांता माझी विद्यार्थिनी.

वाईच्या मंगल कार्यालयात प्रकाशन झालं. शांता पुस्तक घेऊन थेट व्यासपीठापाशी आली.

"आवं, ह्यो माझा बाप हाय. तुमच्या घराण्यात कवा आला?"

बापूसाहेब हसले. "बाई, देवक कुठलं तुमचं?"

"आमच्या आज्यानं देव-देवक समदं कृष्णेत सोडलं आन् दीक्षा घेतली. बाप तवा ल्हान हुता."

बापूसाहेबांनी माइकवर हात ठेवला. "मग असं बघा, तुमच्या वडिलांना आम्ही आमच्यात घेतलंय. मान समजा."

"मान ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. बाप तेवढा माघारी द्या."

पहिल्या रांगेतले फेटे जेवणाच्या दाराकडे वळले. बापूसाहेब माझ्यावर खेकसले, "सर, तुमी सांगा, चूक हाय का कुठं?"

"शुद्धलेखनाची नाही," मी म्हणालो.

शांतानं माझ्याकडे एकदा पाहिलं, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ती निघून गेली.

गेल्या वर्षी बापूसाहेब वारले. शोकसभेत ते 'थोर संशोधक' झाले. हार मीही घातला. आता त्यांचा मुलगा दुसरी आवृत्ती काढतोय. मी ते पान दुरुस्त करायला सांगितलं, तर म्हणाला, "आबांच्या शब्दाला हात लावायचा न्हाई."

म्हणून इथे लिहितो. शिपाई गणपत मोरे, राहणार उंब्रज, बौद्ध, शांताचे वडील. बापूसाहेबांचे ते कोणीही लागत नव्हते, आणि त्यात गणपतरावांचं काहीच उणं झालेलं नाही.