दरोगाजींसाठीची प्रार्थना

सिस्टरबाईंइतकं कायद्याला धरून चालणारं माणूस मी झाशीत दुसरं पाहिलं नाही. सदर बाजारच्या चौकात चिटपाखरू नसलं तरी त्या लाल दिव्याला सायकल थांबवायच्या आणि मागचे स्कूटरवाले त्यांच्या नावाने बोंबलायचे. बाई मूळच्या नगरच्या मराठी ख्रिस्ती, इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका. ओरछा गेटपाशी आमच्या शेजारी भाड्याने राहायच्या. गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्यांनी सुया टोचल्या होत्या.

दर शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या खोलीत चार-पाच बायका प्रार्थनेला जमत. पेटी नाही, भोंगा नाही. आजारी आणि विधवांसाठी मागून झालं की शेवटी राज्यकर्त्यांची पाळी. दिल्लीपासून पोलीस ठाण्यातल्या दरोग्यापर्यंत सगळ्यांना सुबुद्धी आणि आरोग्य मागितलं जाई. "ज्याच्या हातात दंडुका, त्याच्यासाठी दुप्पट मागावं ग," असं त्या मला सांगायच्या.

कुणा भल्या माणसाने ठाण्यात तक्रार केली, इथे धर्म बदलवतात म्हणून. तो कोण हे गल्लीला ठाऊक आहे. त्याच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात तिचं सगळं बाईंनीच केलं होतं. दरोगा बुटांसकट आत आला, तेव्हा नेमकी शेवटची प्रार्थना चालू होती. "बंद करो यह सब!" बाईंनी डोळे न उघडता सांगितलं, "आपके लिए ही माँग रहे थे, दरोगाजी। आमीन भर बाकी है।"

आमीन झालं. बाईंनी त्याला पाणी दिलं आणि लेखी हुकूम मागितला. हुकूम असेल तर दाखवणार ना! त्या म्हाताऱ्या बाईला त्याने ठाण्यात नेऊन बाकावर बसवलं. पुन्हा प्रार्थनेला जमणार नाही, एवढं तोंडाने म्हणा आणि घरी जा, असं त्याचं म्हणणं. बाई ते म्हणेनात.

मी धावत ठाण्यात गेले, तर बाईंच्या चर्चचे पाद्रीसाहेब आधीच हजर. मला वाटलं, सोडवायला आले. कसलं काय! "सिस्टरजी, हाकिम को परमेश्वर ने ही बैठाया है। हाँ कह दीजिए," ते हात जोडून विनवत होते, आणि तेही दरोग्याकडे बघत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाईंचा आवाज मात्र चढला नाही. "बैठाया है, इसीलिए तो हाकिम परमेश्वर से छोटा है, पादरीजी। टैक्स माँगे, दूँगी। लाइन में खड़ा करे, खड़ी रहूँगी। प्रार्थना करूँ या नहीं, यह उससे नहीं पूछूँगी।" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, रांगेत उभं राहणं वेगळं आणि लोटांगण घालणं वेगळं."

अंधार पडल्यावर सोडलं. दुसऱ्याच दिवशी घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली. "घर त्याचं आहे, त्याचा हक्क आहे," म्हणत बाईंनी निघण्याआधी फरशीसुद्धा पुसून दिली. त्या पुसलेल्या फरशीचा मला आजही संताप येतो. स्टेशनवर गाडी हलताना त्या एवढंच म्हणाल्या, "माझं काय, भाची आहे नगरला. पण त्या बायका आता कुठे बसतील?"

पुढच्या शुक्रवारी त्या बायका आमच्याकडे बसल्या. देव्हाऱ्यासमोरची सतरंजी मीच अंथरली. दरोगा आलाच.

"मॅडम, आप तो हिंदू हैं, ऊपर से सरकारी नौकरी। किसके कहने पर बुलाया इनको?"

"किसी के नहीं," मी दारातच उभी राहून म्हटलं. "और किसी के कहने पर उठाऊँगी भी नहीं। जूते बाहर उतारिए।"