कमलच्या तापाची रेघ

जे आता सांगतोय ते कमलच्या बहिणीलाही मी कधी सांगितलं नाही — आणि सांगायला हवं होतं ते आधी तिलाच.

मला स्वतःच्या नोंदी ठेवायची सवय. विक्रोळीच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन. तिथला आलेखाचा कागद घरी आणायचो. किती वाजता उठलो, किती चाललो, किती विड्या ओढल्या, किती वेळा चिडलो — सगळ्याच्या रेघा. विड्या बाविसावरून चारावर आल्या त्या या रेघांच्या जोरावर. घाटकोपरच्या आमच्या चाळीत मी ऐकेल त्याला ते ऐकवायचो.

कमलला, माझ्या बायकोला, क्षय निघाला तेव्हा तिच्या तापाचीही वही मीच सुरू केली. रोज संध्याकाळी सहाला थर्मामीटर लावायचा. वाचायचा मी, टिंब द्यायचं मी. इंजेक्शनं सुरू झाली आणि रेघ उतरू लागली. डॉक्टरांनी वही दवाखान्यातल्या इतर रोग्यांना दाखवली. कारखान्यात शेजारच्या टेबलावरचा सावंत म्हणाला, बायकोला बरं करतोयस की प्रदर्शनात मांडतोयस रे? मी हसलो. मला — कसं सांगू — आवडलं ते.

मग एका संध्याकाळी पारा शंभराच्या वर गेला.

"किती आहे हो?"

"नव्याण्णव," मी म्हणालो.

वहीतही तेच लिहिलं. तुम्ही म्हणाल, तिला धीर द्यायला. नाही. इतकी सुरेख उतरत आलेली रेघ मोडली असती म्हणून. एकच दिवस, असं वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी खरं लिहिलं असतं तर रेघेने एकदम उडी घेतली असती — डॉक्टरांनी विचारलं असतं. मग तिसरा दिवस. असे एकोणीस दिवस.

दवाखान्यात ती सांगू लागली, संध्याकाळी अंग तापतं, घाम येतो. डॉक्टरांनी वही तिच्यापुढे सरकवली. तिने माझ्याकडे पाहिलं. खोलीत आम्ही तिघंच होतो. तेव्हा बोलायला काय झालं होतं मला? मी चष्मा पुसत राहिलो.

"वहीत नाही म्हणजे नसेलच," ती म्हणाली. "मलाच उगीच वाटत असेल."

इंजेक्शनं थांबली. घरकामाला परवानगी मिळाली. त्यानंतर तिने तापाची तक्रार केली नाही — स्वतःच्या अंगावरचा तिचा विश्वासच मी काढून घेतला होता. चाळीच्या नळावर हंडा उचलताना तोंडातून रक्त आलं, तेव्हा फार उशीर झाला होता. पुढे पाच महिने ती होती.

तेराव्याला मेहुणी सगळ्यांदेखत म्हणाली, "भावोजींनी एक दिवस चुकवला नाही. आमच्या ह्यांनी नसतं हो केलं एवढं."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी हात जोडले — सत्काराला उभा राहिलेला माणूस जोडतो तसे.